उड्डाण थांबवले, यात वैमानिकाचे काय चुकले?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पहिल्या पानावर ‘थोडक्यात अनर्थ टळला’ या मथळ्याची बातमी होती. मुंबईला निघालेले विमान धावपट्टीवर धावू लागले आणि काही क्षणांतच वैमानिकाने ते थांबवले. प्रवाशांचा संताप, झालेला खोळंबा, ‘जिवाशी खेळ’ वगैरे सगळे बातमीत आले. विमान थांबवले तेव्हा त्याचा वेग किती होता, हे मात्र कुठेच नाही. विमानांच्या चाक-ब्रेकच्या वर्कशॉपमध्ये माझी सगळी नोकरी गेली, त्यामुळे वाचून गप्प बसवेना.

माझी भाची त्याच विमानात होती. ती सांगते, विमानाने नुकताच वेग घेतला होता, पोटात गोळा येण्याआधीच ते थांबलेसुद्धा. तरी उतरताना दोघा-तिघांनी कॅप्टनला दारात गाठून वाट्टेल ते सुनावले. मला त्याचे फार वाईट वाटले. त्या माणसाने शिकवल्याप्रमाणे अगदी बरोबर काम केले होते.

कशासाठी थांबायचे आणि कशासाठी नाही, हे वैमानिक चाके हलण्याआधीच ठरवून एकमेकांना बोलून दाखवतात. बोईंगमध्ये साधारण 80 नॉट, म्हणजे ताशी दीडशे किलोमीटरच्या आत, आणि एअरबसमध्ये 100 नॉटच्या आत बारीकशा कारणासाठीही थांबता येते. एखादा इशारा-दिवा लागला, दोघांच्या वेगमापकांत फरक दिसला, तरी पुरे. त्यापुढे मात्र इंजिन बंद पडणे, आग, किंवा विमान उडूच शकणार नाही अशी अवस्था, एवढ्यासाठीच. आणि ‘व्ही-वन’ हा वेग पुकारला की कॅप्टन थ्रस्ट लिव्हरवरचा, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करणाऱ्या दांड्यावरचा, हात काढून घेतो. आता एक इंजिन गेले तरी उडायचे, कारण उरलेल्या धावपट्टीत विमान थांबेल याची खात्री नसते. हा आकडा दर उड्डाणाला नव्याने काढतात: वजन, ऊन, वारा, धावपट्टीची लांबी. आपल्याकडच्या पावसात धावपट्टी ओली असली की तो खाली आणतात. सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाची धावपट्टी 2500 मीटर, गोव्यातल्या मोपाची 3500, दोन्ही सड्यावरच्या, म्हणजे उंच पठारावरच्या. तिथे या हिशेबाला किती महत्त्व आहे, हे कोकणातल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

वेग दुप्पट झाला की ब्रेकला चौपट ऊर्जा गिळावी लागते. आंबोली घाट उतरून आलेल्या ट्रकच्या चाकांचा वास आठवा, त्याच्या कितीतरी पट उष्णता विमानाच्या ब्रेकमध्ये काही सेकंदांत साठते. म्हणून नव्या जातीच्या विमानाची परीक्षा पूर्ण झिजलेले ब्रेक लावून, वजनाने लादून घेतात. थांबल्यावर पाच मिनिटे अग्निशमनवाल्यांनी हात लावायचा नाही, तेवढ्यात काही बिघडता कामा नये. चाकाच्या रिमला छोटे फ्यूज प्लग बसवलेले असतात. रिम फार तापली की त्यांच्या गाभ्यातला धातू वितळतो आणि टायरमधला नायट्रोजन हळूहळू बाहेर जातो, टायर फुटत नाही. असे वितळलेले प्लग मी कितीदा हातात घेऊन पाहिले आहेत. मधोमध स्वच्छ आरपार भोक. बघणारे म्हणतात टायर फुटले. टायरने जे करायला हवे तेच केलेले असते. आणि थांबल्यानंतरही चाकांची उष्णता काही मिनिटे वाढतच जाते. वेगात थांबलेल्या विमानाचे ब्रेक निवल्यावाचून ते पुन्हा धावपट्टीवर नेता येत नाही. त्या खोळंब्याला हलगर्जी म्हणू नये.

उड्डाण रद्द करणे कधीच धोक्याचे नसते, असे माझे म्हणणे नाही. 27 डिसेंबर 2016 रोजी गोव्यात दाभोळीला मुंबईकडे निघालेले विमान उड्डाण थांबवताना धावपट्टीवरून बाजूला गेले, माणसे जखमी झाली. 1982 साली स्पेनमध्ये मालागाला पुढच्या चाकाच्या टायरचा थर सुटून विमान थरथरू लागले. कॅप्टनने व्ही-वन उलटून गेल्यावर ते थांबवायचा प्रयत्न केला. विमान धावपट्टीपलीकडे गेले, पेटले, 50 जण गेले. उलट 2017 साली अमेरिकेत मिशिगनमध्ये व्ही-वननंतरच विमानाचे नाक उचलेना, म्हणून कॅप्टनने थांबवले. तेही धावपट्टीबाहेर गेले, पण आतले सगळे 116 जण वाचले. म्हणून वेग आणि कारण, दोन्ही ठाऊक असल्याशिवाय कुणी निकाल देऊ नये. ताशी शंभर किलोमीटरवर थांबलेल्या विमानाला आणि मालागाला एकच मथळा कसा चालेल? अशा मथळ्यांचा आणि शिव्यांचा दाब तरुण वैमानिकांच्या मनावर येतो, याची मला खरी काळजी वाटते. थांबायला हवे तिथे त्यांचा हात क्षणभरही अडता कामा नये.

जाता जाता प्रवाशांसाठी एक. विमान पुरते थांबायच्या आत भाचीच्या पुढचे एक गृहस्थ उठून वरच्या कप्प्यातून आमसुलांची पिशवी काढू लागले होते. कृपा करून पट्टा बांधून बसून राहा, कर्मचारी काय सांगतात ते ऐका. बाहेर पडा म्हणाले, तर पिशवी तिथेच सोडा.

आपल्या वार्ताहरांना विनंती, पुढच्या वेळी विमान कंपनीला तीन गोष्टी विचाराव्यात: किती वेगात थांबवले, कशासाठी थांबवले, आणि ब्रेक-टायर बदलावे लागले का. उत्तरे मिळतील ती छापा. मिळाली नाहीत, तर तेही छापा.

आपला,
एक निवृत्त विमान तंत्रज्ञ
वेतोरे, ता. वेंगुर्ला