टोहिकनचं पाणी

न्यू जर्सी, नोव्हेंबर

ती. बाबा आणि सौ. आईस,
सा. न. वि. वि.

कयाकमध्ये, म्हणजे एकट्याने वल्हवायच्या अरुंद होडीत, हेल्मेट घालून बसलेला माझा फोटो बघून आईने फोनवर माझी चांगलीच हजेरी घेतली. तेव्हा बोलू दिलं नाहीत, म्हणून आता लिहिते.

बाबा, तुमचा जन्म पाटबंधारे खात्यात गेला, म्हणून आधी धरणाचं. टोहिकन हा पेनसिल्व्हेनियातला ओढा. एरवी पावसाने ओढ दिली की दगडांवर पाय ठेवत पलीकडे जावं इतकंच पाणी. पण वर नॉकामिक्सन तलावाचं धरण आहे. मार्चमध्ये एकदा आणि नोव्हेंबरात एकदा, शनिवार-रविवार बघून त्यातून पाणी सोडतात. मग टपावर होड्या बांधलेल्या गाड्यांची ही रांग! आपल्या कुंडलिकेला भिरा-रवाळजेच्या वीजघरांचं पाणी मिळतं आणि कोलाडचे राफ्ट त्यावर चालतात, तोच प्रकार. फक्त इथे वर्षातून दोनदाच, म्हणून अप्रूप.

कयाकमध्ये आपण एकटेच. पाय आत पसरायचे, कमरेला घातलेल्या झग्याची रबरी कड होडीच्या तोंडावर ताणून बसवायची, म्हणजे पाणी आत येत नाही. होडी उलटली तर बाहेर न पडता पॅडलच्या आधाराने आणि कमरेच्या हिसक्याने सरळ व्हायचं. हे आधी तरणतलावात घोटून घेतात. दंडाच्या ताकदीवर काही होत नाही. काम सगळं कमरेचं आणि डोळ्यांचं.

डोळ्यांचं म्हणजे असं. मोठ्या दगडाला धडकून पाणी दोन्ही अंगांनी पळतं, पण दगडाच्या पाठीशी तेच पाणी उलटं, वरच्या दिशेला सरकतं. मध्ये एक स्पष्ट रेघ दिसते, फेसाची. ती ओलांडताना होडी वळणाच्या आतल्या बाजूला कलती ठेवली, की ती गर्रकन वळून दगडामागे उभी राहते. नाही कलवली, तर गेलातच पाण्याखाली. तिथे दम खायचा, पुढचं पाणी वाचायचं आणि परत धारेत शिरायचं. राल्फ स्टोव्हर उद्यानापासून पॉइंट प्लेझंटपर्यंतचे सहा-साडेसहा किलोमीटर असेच, या दगडामागून त्या दगडामागे. मध्येच हाय रॉक्सचा सुमारे २०० फुटी सरळसोट कडा येतो. त्यावर दोराला लोंबकळणारे प्रस्तरारोहक आम्हाला वेडे समजत असावेत, आम्ही त्यांना.

आई, लाटांना घाबरू नकोस. घाबरायचं ते आडव्या पडलेल्या झाडाला. फांद्यांमधून पाणी निघून जातं, माणूस अडकतो. म्हणून वळणापलीकडचं दिसत नसेल तर काठाला उतरून आधी बघून यायचं. नाही पटलं, तर होडी खांद्यावर टाकून चालत पुढे जायचं. त्याला कुणी हसत नाही. एकटं कुणी जात नाही, आणि पाण्यात पडलेल्याला ओढून घ्यायला फेकायचा दोर प्रत्येकाजवळ असतो.

शेवटी जुन्या कालव्याचा जलसेतू डोक्यावरून जातो आणि ओढा डेलावेअर नदीला मिळतो. इतका वेळ धडपडणारं पाणी एकदम रुंद आणि आळशी होतं, समोरचा काठ न्यू जर्सीचा. तिथे पोचेस्तोवर बोटं इतकी गारठली होती की हेल्मेटचा पट्टा दुसरीकडून सोडवून घ्यावा लागला. अंग मात्र ड्रायसूटमुळे, म्हणजे पाणी आत न येऊ देणाऱ्या पोशाखामुळे, कोरडं. त्याची किंमत विचारू नका, विशेषतः आईच्या देखत.

आजीला नमस्कार सांगा.

तुमची,
मनू