पिंपळपान मागवलं, गोल बिल्ला आला

प्रति,
मा. ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
शालेय साहित्य विभाग

विषय : 'भारतरत्न व पद्म पुरस्कार – शालेय प्रदर्शन संच' परत घेऊन पूर्ण रक्कम मिळण्याबाबत.

महोदय,

मी सोलापुरातील एका मराठी शाळेत इतिहास शिकवते. २०२५ साली आमच्या सोलापूरच्या मारुती चितमपल्ली यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. तेव्हापासून वर्गात एक प्रश्न सारखा येत होता : पद्मश्रीचं पदक दिसतं कसं? म्हणून २६ जानेवारीच्या प्रदर्शनात राष्ट्रीय सन्मानांचं एक दालन करायचं ठरलं आणि आपल्या संकेतस्थळावरून वरील संच मागवला. किंमत ४,८५० रुपये, कुरिअरचा खर्च वेगळा. शाळेकडे यासाठी निधी नव्हता. आम्ही शिक्षकांनी वर्गणी काढली होती, त्यामुळे त्या पैशांचा हिशेब मला स्टाफरूममध्ये रोज द्यावा लागतो.

खोकं वेळेवर आलं, काही फुटलेलं नव्हतं. तक्रार आतल्या मालाची आहे.

भारतरत्न म्हणून आपण पाठवलेली वस्तू गोल आहे, सोनेरी मुलाम्याची आहे आणि तिरंगी फितीत ओवलेली आहे. खोक्यावर छापलंय : 'सध्याच्या अधिकृत पदकाची हुबेहूब प्रतिकृती'. प्रत्यक्षातलं पदक पिंपळाच्या पानाच्या आकाराचं असतं, कांस्याचं. लांबी सुमारे ५९ मिलिमीटर, रुंदी ४८. पानाच्या कडेला प्लॅटिनमची किनार, पुढच्या बाजूला प्लॅटिनमचाच किरणांचा सूर्य आणि देवनागरीत 'भारत रत्न' ही अक्षरं. मागे राजमुद्रा आणि 'सत्यमेव जयते'. फीत पांढरीशुभ्र, दोन इंच रुंद, गळ्यात घालण्यासाठी. यातली एकही गोष्ट आपल्या वस्तूत नाही. सूर्य तेवढा आहे, पण तो हसरा आहे. त्याला डोळे आणि तोंड कुणी काढलं ते समजलं नाही.

फोनवर आपल्या प्रतिनिधींनी सांगितलं, 'मॅडम, जुनं डिझाईन गोलच होतं.' बरोबर आहे. २ जानेवारी १९५४ रोजी हा सन्मान सुरू झाला तेव्हाच्या अधिसूचनेत ३५ मिलिमीटर व्यासाचं गोल सुवर्णपदक ठरलं होतं. पुढच्याच वर्षी ते बदलून पिंपळपान आलं. आपल्याला १९५४ चा नमुना विकायचा असेल तर खुशाल विका, पण मग खोक्यावर तसं लिहा आणि वस्तूही तशी करा. आपला बिल्ला ९० मिलिमीटरचा आहे. आमच्या क्रीडादिनाला रिले शर्यतीत देतो तो याच्यापेक्षा नाजूक असतो.

फितीबद्दल वेगळं लिहावं लागेल, कारण ती आपण सोलापूरला पाठवलीत. आमच्या वर्गातली बरीच मुलं पूर्व भागातली. कुणाच्या घरात माग आहे, कुणाचे वडील चादरीच्या कारखान्यात जातात, कुणाची आई गणवेश शिवते. संच उघडल्यावर एकाने पदकाकडे पाहिलंही नाही. फीत हातात घेतली, उलटी केली, कड चिमटीत धरून चोळली आणि बोट माझ्यापुढे धरलं. बोटाला हिरवा रंग लागला होता. 'मॅडम, ही विणलेली नाही. छापलीय, आणि कडेला मेणबत्तीवर जाळून बंद केलीय.' उलट्या बाजूने फीत कोरी पांढरी होती. म्हणजे नुसती उलटी शिवली असती तरी एक गोष्ट अधिकृत झाली असती.

पद्म पुरस्कारांची तिन्ही पदकं एकाच साच्यातून काढलेली आहेत. विभूषण कोणतं, भूषण कोणतं हे मागच्या स्टिकरवरून ओळखायचं, आणि त्यातला एक स्टिकर वाटेतच निघाला होता. खऱ्या पद्मश्रीत मधल्या कमळाच्या वर 'पद्म' आणि खाली 'श्री' अशी अक्षरं असतात. मुलांना नेमकं तेच बघायचं होतं. आपल्या पदकावर कमळ आहे, अक्षरं नाहीत. प्रतिकृती म्हणजे काहीतरी दुय्यम, असं आपल्याला वाटत असेल तर सांगते : खुद्द मानकऱ्यांनाही राष्ट्रपतींच्या सहीची सनद आणि मूळ पदक यांच्यासोबत एक छोटी प्रतिकृती देतात, समारंभात लावता यावी म्हणून.

आता संचातला तक्ता. पदकं एकवेळ कापडाखाली झाकून ठेवता येतात, तक्ता मुलं उतरवून घेतात.

त्यावर भारतरत्न मिळालेल्यांची संख्या ५४ दिली आहे. २०२४ च्या पाच नावांसह ती ५३ होते. जास्तीचं नाव शोधायला वेळ लागला नाही : सुभाषचंद्र बोस, १९९२. त्या वर्षी नेताजींना मरणोत्तर भारतरत्न जाहीर झालं होतं हे खरं. पण 'मरणोत्तर' या शब्दालाच हरकत होती. त्यांच्या मृत्यूचा पुरावा कुठे आहे, असा सवाल उभा राहिला, कुटुंबीयांनी सन्मान घेतला नाही, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९९७ मध्ये ती घोषणा रद्द समजली गेली. सन्मान जाहीर झाला पण दिला गेलाच नाही, अशी ही एक गोष्ट एक तास इतिहास शिकवायला पुरते. आपण ती एका ओळीत संपवलीत, तीही चुकीची. त्याच तक्त्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांपुढे १९५६ लिहिलं आहे. ते त्यांच्या महापरिनिर्वाणाचं वर्ष. भारतरत्न १९९० मध्ये मिळालं, म्हणजे ३४ वर्षांनी. मधली ही वर्षं पुसून टाकायची तर त्याची कारणंही पुसली जातात. हा तक्ता १४ एप्रिलला सोलापुरात कुठल्याही भिंतीवर लावून बघा, चूक सांगायला मुलांचीसुद्धा गरज पडणार नाही.

तळाच्या चौकटीत दोन वाक्यं आहेत : भारतरत्नासोबत मोठी रोख रक्कम मिळते, आणि मानकरी ही पदवी नावाआधी लावू शकतात. दोन्ही खोटी. रक्कम अजिबात मिळत नाही. पदवी म्हणाल तर संविधानाच्या १८ व्या अनुच्छेदाने राज्याला पदव्या देण्याची मनाई केली आहे, आणि हे सन्मान पदवी नाहीत, नावाआधी किंवा नंतर ते जोडायचे नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली स्पष्ट केलं. निमंत्रणपत्रिकांवर सर्रास लावतात हे मलाही माहीत आहे. आमच्याकडच्या सत्कारांच्या फ्लेक्सवर तर काहीही लावतात. पण शाळेच्या तक्त्याने फ्लेक्सचं अनुकरण करू नये.

ज्या सन्मानात पैसा नाही आणि नावापुढे मिरवायची सोय नाही, त्यात दाखवण्यासारखं उरतं काय? एक पदक, एक सनद आणि कुणाला, केव्हा मिळालं याची नोंद. आपल्या संचात नेमकं तेच चुकलं आहे. त्यामुळे 'किरकोळ तफावत' हा आपल्या ईमेलमधला शब्द मला मान्य नाही. 'कलात्मक सादरीकरण' हाही नाही. पुढच्या खरेदीवर १५ टक्के सवलतीचं कूपन मी वापरणार नाही.

आणखी एक बाब आपल्या हितासाठी. खोक्याच्या झाकणावर आपल्या कंपनीच्या बोधचिन्हाशेजारी राजमुद्रा छापली आहे, तीही 'सत्यमेव जयते' वगळून. राजमुद्रेचा व्यापारासाठी वापर करायला २००५ च्या कायद्याने बंदी आहे आणि त्यात शिक्षेची तरतूद आहे. हे आपल्या कायदा विभागाला दाखवा.

माझी मागणी अशी : पूर्ण रक्कम कुरिअरच्या खर्चासह परत मिळावी, संच आपल्या खर्चाने न्यावा, संकेतस्थळावरून तो दुरुस्त होईपर्यंत काढावा आणि ज्या शाळांनी आधी घेतला आहे त्यांना चुकांची यादी पाठवावी. शेवटची मागणी पैशांइतकीच महत्त्वाची आहे. ऑनलाइन विक्रीच्या नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत मिळून तिचा निपटारा महिनाभरात व्हायला हवा. तसं न झाल्यास सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. ग्राहक जिथे राहतो तिथे दाद मागण्याची सोय २०१९ च्या कायद्यात आहे, त्यामुळे आपल्या शहरात हेलपाटे घालायची मला गरज नाही.

संच शाळेच्या कार्यालयात बांधून ठेवला आहे. माणूस पाठवायचा तर सोमवार ते शुक्रवार पाचच्या आत पाठवावा, शनिवारी सकाळची शाळा असते. तक्ता, खोकं आणि फितीच्या दोन्ही बाजूंचे फोटो सोबत जोडले आहेत.

कळावे,
आपली ग्राहक,
इतिहास शिक्षिका, सोलापूर