प्रतिज्ञेतलं अर्धं वाक्य

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाशिकमधल्या एका शाळेत मी बत्तीस वर्षं पी.टी. शिकवली. १९८४ ला लागलो, २०१६ ला निवृत्त झालो. शिट्टी, रांगा, सावधान-विश्राम यात आयुष्य गेलं, तेव्हा शिस्तीविरुद्ध गळा काढणारा माणूस मी नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो. आजही सिडकोत पाटी टाकून बसलेली चाळिशीतली माणसं मला लांबून बघून गुटख्याची पुडी खिशात सारतात. खोटं कशाला बोलू, बरं वाटतं.

विषय माझ्या नातवाचा आहे. तो इंग्रजी माध्यमाच्या शाळेत सहावीत शिकतो. शाळेचं नाव लिहीत नाही, अशा शाळा गावात एकच नसणार. यंदा त्यांनी मुलांना एक वर्तन कार्ड दिलंय. दर महिन्याला वीस गुण हातात द्यायचे आणि वागण्याप्रमाणे कापत जायचं. व्हरांड्यात शिक्षक दिसले की मुलाने थांबायचं, भिंतीकडेला सरकायचं, हात जोडायचे आणि 'गुड मॉर्निंग' म्हणायचं. नाही केलं तर दोन गुण गेले. नातवाचे जूनपासून सहा गेलेत. शेवटचा शेरा लाल शाईत, 'डिड नॉट विश', आणि खाली पालकांच्या सहीला जागा.

मी विचारलं, "खरंच नाही केलंस?"

"आजोबा, मी मित्राशी बोलत होतो. टीचर मला दिसल्याच नाहीत."

आता, समोरून माणूस येतोय आणि आपल्याला दिसत नाही, ही चूक आहेच. तेवढं मी त्याला सुनावलं. मग सहज कार्ड उलटं केलं. मागे नियमांच्या डोक्यावर मराठीत एक ओळ छापलेली, जाड अक्षरात: 'मी माझ्या पालकांचा, गुरुजनांचा आणि वडीलधाऱ्या माणसांचा मान ठेवीन.' पूर्णविराम.

ही ओळ बत्तीस वर्षं मी रोज सकाळी परिपाठाला ऐकली आहे, झोपेतही म्हणेन. ती तिथे संपत नाही. पुढे आहे, 'आणि प्रत्येकाशी सौजन्याने वागेन.' पायडिमर्री वेंकट सुब्बाराव म्हणून विशाखापट्टणमला कोषागारात अधिकारी होते, त्यांनी १९६२ साली ही प्रतिज्ञा तेलुगूत लिहिली. त्या गृहस्थांनी मान आणि सौजन्य एकाच वाक्यात 'आणि'ने जोडलं. शाळेने 'आणि'च्या अलीकडे कात्री चालवली. जागा पुरली नसेल असं मला वाटत नाही, खाली शाळेचा लोगो चांगला मोठा आहे.

वर्गात बाई आल्या की उठावं का? माझं उत्तर, जरूर उठावं. मधल्या सुट्टीनंतर साठ पोरं आत शिरतात तेव्हा वर्गाचा संध्याकाळच्या गर्दीतला रविवार कारंजा चौक झालेला असतो. बाई दारात आल्या, सगळे उठले, बाकं करकरली, बोलणं तुटलं, बाई म्हणाल्या "बसा". खेळ संपला, गणित सुरू झालं. दोन सेकंदांचं काम, पण फार उपयोगाचं. मात्र ही घंटेसारखी खूण आहे, आदर नाही. मी 'सावधान' म्हटल्यावर पोरगं ताठ व्हायचं ते काही माझ्यावरच्या प्रेमाने नव्हे. खरा मान बघायचा असेल तर कबड्डीच्या मैदानावर जा. खेळाडू आत उतरताना वाकून मातीला हात लावतो आणि कपाळाला लावतो. त्याचे कुणी गुण देत नाही, न लावल्याचे कापतही नाही.

खुणेला आदर समजून तो मोजायला गेलं की काय होतं, ते मी वर्गाच्या मागे उभं राहून पाहिलंय. आमच्याकडे 'एक साथ' म्हटलं की 'नमस्ते' व्हायचं. एका सरांचा त्यावर फार कटाक्ष. आवाज कमी पडला तर पुन्हा, सूर बिघडला तर पुन्हा. आठवी 'ब'च्या पोरांनी तोड काढली. हात जोडलेले, माना झुकलेल्या, आणि 'नमस्ते'च्या जागी तालात 'मस्ती, मस्ती'. पुढून अजिबात कळत नसे. सरांना शेवटपर्यंत कळलं नाही. निरोप समारंभात त्यांनी अभिमानाने सांगितलं की त्यांच्या वर्गाइतकं एकसुरात नमस्ते साऱ्या शाळेत होत नसे.

बरं, कोणता आविष्कार म्हणजे आदर, हे तरी ठरलंय का? आमच्या घरात मोठे रागावताना मान खाली घालायची, वर डोळे करून बघितलं की उद्धट. नातवाच्या शाळेत मान खाली घातली तर ओरडतात, 'लुक ॲट मी व्हेन आय ॲम टॉकिंग.' मी कामाला लागल्यापासून गुरुजींचे सर झाले, बाईंच्या मॅडम झाल्या, मॅडमच्या मिस झाल्या. शेजारी गुजरातेत २०१९ पासून हजेरीला 'जय हिंद' किंवा 'जय भारत' म्हणायचं ठरलं. केरळात २०२३ मध्ये बालहक्क आयोगाने सांगितलं, सर-मॅडम सोडा, 'टीचर' म्हणा. शब्द बदलण्याची हौस सगळीकडेच दिसते.

एक गोष्ट मात्र माझ्या मनातून जात नाही, आणि तीत चूक माझीच आहे. पाचवीला सटाण्याकडचा एक मुलगा आला होता. वडील अंबडला कंपनीत लागले म्हणून घर इकडे हललेलं. घरी सगळी अहिराणी. मला दोन दिवस ताप आला, मी रजेवर होतो. तिसऱ्या दिवशी मैदानावर आलो तर हा रांग सोडून पळत समोर आला आणि म्हणाला, "सर, तू काल काबर नही उना?" म्हणजे, का आला नाहीस?

रांगेत हशा पिकला. मीही हसलो. वर स्टाफरूममध्ये जाऊन चहाबरोबर तो किस्सा सांगितला, 'सर, तू' म्हणतो म्हणून. त्याच्या वर्गशिक्षकांनी तो गमतीने घेतला नाही. दुसऱ्या दिवशी त्या मुलाने वहीची दोन पानं 'तुम्ही, तुम्ही' लिहून मला सहीला आणून दाखवली. अक्षर शेवटी शेवटी वेडंवाकडं झालेलं. मी सही केली. त्या दोन दिवसांत चारशे मुलांपैकी मी का आलो नाही हे विचारणारा तो एकटा होता, हे तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही. पुढे वर्षभर तो मला अगदी व्यवस्थित 'तुम्ही' म्हणाला. विचारलं तेवढंच बोलायचा. आपण होऊन काही विचारायला तो पुन्हा आला नाही.

कुणी म्हणेल, आज नमस्कार सोडला तर उद्या राष्ट्रगीतालाही बसून राहतील. हा मुद्दा नवा नाही. मी नोकरीला नवा होतो तेव्हा केरळातल्या तीन भावंडांचं प्रकरण गाजत होतं. त्यांच्या धर्मश्रद्धेमुळे ती राष्ट्रगीत गात नसत, पण सगळ्यांबरोबर गुमान उभी राहत. १९८५ मध्ये शाळेने त्यांना काढलं. ऑगस्ट १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत शाळेत घ्यायला लावलं. गाण्याची सक्ती करणारा कायदाच नाही आणि मुलं मान राखून उभी होती, असं न्यायालयाने म्हटलं. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा, रक्त गरम. स्टाफरूममध्ये टेबलावर हात आपटून म्हणालो, उभी राहिली म्हणजे काय उपकार केले? संस्कृतच्या बाई वह्या तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मुलं उभी होती ना? मग त्यांच्या तोंडातलं तुम्हाला कशाला हवंय?"

उत्तर सुचलं नाही म्हणून मी शिट्टी घेऊन मैदानावर गेलो.

शाळेला माझं म्हणणं एवढंच आहे. नमस्कार शिकवा, रोज शिकवा, पण त्याचे गुण कापू नका. मुलाला मानसिक त्रास देणं २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये शारीरिक शिक्षेइतकंच निषिद्ध आहे. लाल शेऱ्याचं कार्ड दप्तरात घेऊन महिनाभर फिरवणं त्यात बसतं की नाही, ते वकिलांनी ठरवावं. मला दिसतं ते इतकंच, की नातू आता व्हरांड्यातून जाण्याऐवजी मागच्या जिन्याने फिरून जातो. शिक्षकांना टाळणं हाच त्याला सोपा उपाय वाटला. दुसरं, नमस्कार शिक्षकांनीही करावा. मुलाच्या आधी केला तर आणखी चांगलं. गुरुपौर्णिमेला पायांवर डोकी ठेवून घेणाऱ्या आपल्या मंडळींना हे जड जाईल, मलाही गेलं असतं.

परवा नातवाला सोडायला गेलो तेव्हा गेटवर पाच मिनिटं थांबलो. वॉचमनने मुख्याध्यापकांच्या गाडीला सॅल्यूट ठोकला. गाडीची काच वरच होती, वरच राहिली. मागोमाग नातू आत शिरता शिरता म्हणाला, "मामा, गुड मॉर्निंग." मामांनी त्यालाही तसाच कडक सॅल्यूट दिला. मी कार्ड पुन्हा पाहिलं, या नमस्काराला त्यात रकाना नाही.

कार्डावर सही मीच केली आहे. करण्याआधी मागच्या ओळीतला छापील पूर्णविराम खोडला आणि उरलेलं वाक्य बॉलपेनने लिहून पूर्ण केलं. सुनेला ते अजिबात पटलेलं नाही, उगाच पोराच्या डोक्याला ताप म्हणते. शनिवारी पालकसभा आहे. मी जाणार आहे.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक
सिडको, नाशिक