घरच्या साहित्याचे गुण कापू नयेत

शालेय रसायनशास्त्राच्या प्रकल्पांत विकतचे, प्रमाणित साहित्यच हवे, असा आग्रह धरणारा आपल्या दैनिकातील लेख वाचला. तो पटला नाही.

हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेला कागद साबणाच्या पाण्याने लालसर होतो. त्यावरच आपल्या नागपुरी संत्र्याचा रस पिळला, की परत पिवळा. आम्ल आणि आम्लारी मुलांच्या डोळ्यांसमोर येतात, खर्च जवळपास शून्य. पेन्सिलीतील ग्राफाइटचे दोन तुकडे, ९ व्होल्टची बॅटरी आणि धुण्याच्या सोड्याचे पाणी एवढ्यावर पाण्याचे विघटन दाखवता येते. इथे सोड्याऐवजी मीठ मात्र टाकू नये, विषारी क्लोरीन वायू निघतो. हे ‘का’ शोधणे हाच खरा प्रकल्प, आणि तयार संच विकत आणणाऱ्याला तो प्रश्न बहुधा पडतच नाही.

तडजोड नको ती फक्त सुरक्षिततेत. तापवण्यासाठी जॅमची बाटली चालत नाही. तापवल्यावर साधी काच बोरोसिलिकेटच्या (प्रयोगशाळेतल्या उष्णता सहन करणाऱ्या काचेच्या) जवळपास तिप्पट प्रसरण पावते आणि तडकते. तेवढी परीक्षानळी व डोळ्यांचा संरक्षक चष्मा शाळेनेच द्यावा. वापरलेल्या सलाइनच्या नळ्याही मुलांच्या हाती देऊ नयेत.

प्रदर्शनात चकचकीत मांडणीला बक्षीस मिळते आणि स्वतः जुळवाजुळव करणारे खेड्यातले पोर मागे राहते, याचे फार वाईट वाटते. परीक्षकांनी साहित्याची किंमत पाहू नये. ते का निवडले, हे विद्यार्थ्याला विचारून त्यावर गुण द्यावेत.

– एक विज्ञान शिक्षिका, नागपूर