चि. बाबूस, डब्याबद्दल

चि. बाबू,

आईचे अनेक आशीर्वाद.

पांढरकवड्याहून नागपूरला जाणाऱ्या सकाळच्या गाडीनं आपल्या गल्लीतले काका निघाले आहेत. त्यांच्याजवळ पिशवी दिली. बुटीबोरीला उतरवून घे, त्यांना तुझ्या खोलीपर्यंत यायला लावू नको. वरच्या बरणीत जवसाची चटणी आहे, तिच्या खाली शेंगदाण्याची. मोठ्या पुडक्यात तुरीची डाळ, यंदाच्या तुरीचीच, परवाच करून आणली. प्लास्टिकच्या डब्यात सोले, म्हणजे तुरीचे ओले दाणे आहेत. हे शेवटचे, आता शेतात तूर वाळली.

फोनवर डब्याचं बोलणं काढलं की तू "हो आई, करतो" म्हणतो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेटसमोरच्या हॉटेलात जेवतो. म्हणून लिहून पाठवते. फोनवरचं बोलणं तू अर्धं कंपनीच्या आवाजात सोडून देतो.

आधी पैशाचं. तूच सांगितलं होतं, थाळी ८० ची, वर चहा आणि चार वाजताचा समोसा मिळून ३०. महिन्याचे २६ दिवस धरले तर २,८६० रुपये झाले. तुझ्या वाट्याचं खोलीभाडंही एवढं नाही! आता घरच्या डब्याचं बघ. कणीक १५० ग्रॅम, म्हणजे मध्यम पाच पोळ्या, साधारण ६ रुपये. डाळ नाहीतर बेसन ४० ग्रॅम, ५ रुपये. भाजी १०० ग्रॅम, तिचे ४-५. तेल १५ ग्रॅम, अडीच रुपये. मीठ-मसाला आणि गॅस मिळून ४ धर. महागाई म्हणून २५ लाव, तरी महिन्याचे ६५० होतात. उरलेले सगळे वाचतील असं मी म्हणत नाही. चहा तू पिणारच आहे आणि कधीतरी तर्री-पोहेही खाणार आहे. खा. रोजची थाळी तेवढी बंद कर.

हे माप माझ्या मनाचं नाही. शाळेत स्वयंपाक करते म्हणून हात बसला आहे. पहिली ते पाचवीच्या लेकरामागे १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. सहावी ते आठवीला १५० तांदूळ, ३० डाळ, ७५ भाजी, साडेसात ग्रॅम तेल. मोठ्या पोराच्या ताटात ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं गेली पाहिजेत असं ठरलेलं आहे. आणि २०२५ च्या मे महिन्यापासून त्यासाठी लहानामागे ६ रुपये ७८ पैसे आणि मोठ्यामागे १० रुपये १७ पैसे धरले आहेत. तांदूळ तेवढा वेगळा मिळतो. डाळ, तेल, मसाला, भाजी, गॅस, सगळं त्यातच बसवायचं. तू आठवीतल्या पोट्ट्यापेक्षा मोठा, त्यात आठ तास मशीनजवळ उभा, म्हणून तुझं माप थोडं वाढवून लिहिलं आहे.

शाळेत एक गोष्ट मला रोज दिसते. वरण पातळ झालं की पोट्टे जेवून उठतात आणि शेवटच्या तासाला पुन्हा पोट धरून बसतात. भात तेवढाच असतो, फरक डाळीचा असतो. तुझा चार वाजताचा समोसाही तिथूनच येतो. हॉटेलची डाळ म्हणजे पिवळं पाणी, त्यावर सांभार, म्हणजे कोथिंबीर भुरभुरलेली. म्हणून काटकसर करताना भाजी कमी कर, तूप सोड, पापड-लोणचं नसलं तरी चालेल. डाळ, बेसन, शेंगदाणे, मोट (मटकी), चवळी यातलं काहीतरी डब्यात रोज पाहिजे.

आता तू म्हणशील, पहिल्या पाळीला साडेपाचला उठून कोण हे सगळं करते. बरोबर आहे, सकाळी कोणालाच होत नाही. मलाही होत नाही, लोकांना वाटते बायांना होते. डब्याचं काम रात्री जेवणासोबतच उरकायचं. रात्री जे करशील त्यातलं उद्याचं आधी काढून ठेवायचं आणि मग ताट वाढायचं. जेवून उरलं तर डब्यात नेईन असं म्हटलं की उरत नाही. तिघं जण राहता, उरेल कसं? सकाळी फक्त पोळ्या, आणि फार तर एक फोडणी. पोळ्यांचीही पाळी लावा. एक जण लाटेल, एक भाजेल, तिसऱ्यानं भांडी घासावी.

भाजीत तुला सगळ्यात उपयोगी पडतील ते फुणके. मी पाठवलेल्या डाळीतली एक मोठी वाटी ड्युटीवरून आल्याबरोबर भिजत घाल. चार तासांनी पाणी पूर्ण निथळून टाक. पाणी राहिलं तर फुणका बसत नाही, हे लक्षात ठेव. हिरवी मिरची, लसूण, जिरं घालून भरड वाट, गंधासारखं वाटू नको. हाताला कण लागले पाहिजेत. मीठ, हळद, चिरलेला कांदा आणि सांभार घाल. मुठीत दाबून मुटके कर आणि चाळणीत ठेवून वीस मिनिटं वाफव. सुरी घालून बघ, कोरडी बाहेर आली म्हणजे झाले. रात्री कढीत टाकून तिघं खा, पण सहा मुटके बाजूला काढ. सकाळी ते हातानं कुस्कर, मोहरी-जिऱ्याची फोडणी दे, दोन मिनिटं परत. ही भाजी गळत नाही, दुपारी एक वाजताही मोकळी राहते, आणि गार खाल्ली तरी चांगली लागते. कंपनीत डबा गरम करायची सोय नाही म्हणतो ना, मग गार चांगलं लागते तेच न्यायचं.

चून, म्हणजे बेसनाचं पिठलं, तुला येतेच. पण घरी आपण करतो तसं पातळ चून डब्यात नेऊ नको, दुपारपर्यंत त्याची वडी होते. डब्यासाठी कोरडं कर. दोन कांदे तेलात लाल होऊ दे, लसूण-मिरची, हळद, मीठ, मग वाटीभर पाणी. पाणी खळखळलं की वरून वाटीभर बेसन पसरव, लगेच ढवळू नको. झाकण ठेव, गॅस बारीक कर, वाफ धरू दे, मग उलथन्यानं फोड. दहा मिनिटांचं काम आहे, म्हणून रात्री काहीच झालं नसेल त्या दिवशी हेच.

सोले दोन दिवसांत संपव. एक दिवस वांग्यात घाल, एक दिवस भातात. मेसमध्ये जाणाऱ्या त्या पोराला थोडे दे, त्याची आई लांब आहे.

शिळ्या पोळ्या राहिल्या तर कुस्करून कांदा, शेंगदाणे आणि मिरचीची फोडणी दे. तो दुपारच्या डब्यात मात्र नको, रात्री कर. कुस्करा गार झाला की घशात अडकते.

बाबांना हे सगळं वाचून दाखवलं तर ते म्हणाले, पोराला भाकर आणि ठेचा न्यायला सांग, आम्ही आयुष्यभर तेच खाऊन राहिलो. त्यांचं ऐकू नको. बांधावर बसून कांदा फोडून भाकर खाणं वेगळं, सोबत माठाचं गार पाणी असते आणि मी गरम भाकर घेऊन जायची. ज्वारीची भाकर पाच-सहा तास डब्यात राहिली की कडक होते. भाकर खोलीवर खा, डब्यात पोळीच ने. कणकेत चमचाभर तेल टाक, पोळ्या तव्यावरून काढल्या की कापडात गुंडाळून वाफ जाऊ दे, मगच डब्यात ठेव.

ही वाफेची गोष्ट फार महत्त्वाची आहे, पोट बिघडलं तर वाचवलेले पैसे दवाखान्यात जातील. गरम भाजीवर झाकण दाबलं की आत पाणी सुटते आणि दुपारी वास येते. पूर्ण निवल्यावर झाकण लाव. रात्रीचा भात रात्रभर ओट्यावर ठेवून सकाळी फोडणी घालून नेऊ नको. तुमच्याकडे फ्रिज नाही. बाहेर राहिलेल्या भातात जे विष तयार होते ते पुन्हा गरम केल्यानं जात नाही. शाळेतही भात उरला की दुसऱ्या दिवसासाठी ठेवत नाही. भात न्यायचाच असेल तर सकाळी लाव. कुकरची शिटी धरत नाही म्हणत होता, ते झाकणाच्या रबरामुळे असते.

चटणीच्या बरणीत ओला चमचा घालू नको. जवसाची चटणी तेल टाकून पोळीला लावली तर भाजी कमी असली तरी भागते. मी जवस तडतडेपर्यंत भाजला आहे, त्यात लसूण, मीठ आणि भिवापुरी मिरची आहे, दुसरं काही नाही. आणि समोशाच्या जागी खिशात मूठभर फुटाणे आणि गुळाचा खडा ठेव. पाच-सहा रुपयांत होते. कंपनीत हाताला ऑईल लागते, तर साबणानं धुतल्याशिवाय खिशात हात घालू नको, हेही सांगायला लागते तुला.

रेशनचं एक राहिलं. आपल्या कार्डावर तुझं नाव अजून आहे आणि माणशी ५ किलो धान्य आता फुकट मिळते. तुझ्या वाट्याचं तू बुटीबोरीतल्या रेशन दुकानातूनही उचलू शकतो. कार्डाचा नंबर सांगायचा आणि अंगठा लावायचा. आधार जोडलेलं आहे, मी तपासून घेतलं. तू तिकडे उचललं की इथं तेवढं कमी मिळेल, बाकीचं आम्हाला मिळत राहील. गहू उचलून दळून आण, तुझी कणीक जवळपास दळणाच्याच पैशात पडेल. बाबांना वाटते पोरानं तिकडे रेशनच्या लाइनीत उभं राहावं हे बरं दिसत नाही. मला त्यात काही वाईट दिसत नाही. हक्काचं आहे, कोणाकडून मागून आणत नाही.

आणि एखाद्या दिवशी खरंच काही जमलं नाही, पगारही लांब आहे, तर जवळपास शिवभोजन केंद्र चालू असलं तर तिथं जा. दहा रुपयांत ३० ग्रॅमच्या दोन पोळ्या, एक वाटी भाजी, एक वाटी वरण आणि दीडशे ग्रॅम भात. तुझ्यासारख्याला पोटभर नाही, पण उपाशी राहण्यापेक्षा बरं. ती योजना २०२० च्या २६ जानेवारीला सुरू झाली.

तुझ्यासोबतच्या कोणीतरी "रोज चूनच का बे" म्हणून चिडवलं, असं तू हसत हसत सांगत होता. पण त्यानंतरच तुझं हॉटेल सुरू झालं, ते माझ्या लक्षात आलं. त्या पोरापुढे चटणीची बरणी धर, म्हणावं घे थोडी. एकदा घेतली की तो रोज मागेल आणि बोलायचं बंद होईल. नाही झालं तर वेगळा बस. ज्याच्यासारखं जेवायला आपले पैसे पुरत नाहीत त्याच्यासारखं जेवायची गरज नाही. तुझ्या बहिणीची फी जूनमध्ये भरायची आहे, हे तुला माहीत आहे. मी पुन्हा पुन्हा सांगत नाही.

मार्चनंतर ऊन चढलं की यातलं बरंच बदलावं लागेल. ओला कांदा घातलेली भाजी, ओलं खोबरं, दही हे डब्यातून बंद. फुणके रात्री वाफवून ठेवलेले एप्रिलमध्ये सकाळपर्यंत टिकतील याचा भरवसा नाही, तेव्हा डाळ रात्री भिजव आणि सकाळी वाफव. मूग असतील तर जास्त बरं, लवकर भिजतात. रात्री मळलेली कणीकही उन्हाळ्यात आंबते. तेव्हा कोरडा झुणका, चटणी, भाजलेले शेंगदाणे आणि एक कच्चा कांदा अख्खा ने, तिथंच फोडून खा. पाण्याची बाटली मोठी घे.

बाकी इथं ठीक आहे. कापसाचा शेवटचा वेचा राहिला आहे, मजूर मिळत नाहीत. गाय आटली.

कुकर तीन लिटरचा आहे की पाचचा, आणि झाकण आतून बसते की बाहेरून, ते आजच फोन करून सांग. मंगळवारी बाजाराला जाणार आहे, रबर घेऊन ठेवते.

तुझी आई