बाळंतिणीचं डोकं दुखतंय? आधी रक्तदाब मोजा

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मुंबईत महापालिकेच्या सेवेत माझी सारी नोकरी बाळंतिणींमध्ये गेली. आधी प्रसूतिगृहात, मग मोठ्या रुग्णालयाच्या लेबर रूममध्ये. परिसेविका म्हणून निवृत्त झाले. गरोदरपणातल्या रक्तदाबाविषयी हल्ली बरंच छापून येतं, त्याचा आनंद आहे. पण ते सगळं प्रसूतीपाशी येऊन थांबतं. बाळ झालं, पेढे वाटले, की आईवरचं संकट टळलं असं घरचे धरून चालतात. वॉर्डातही पुष्कळदा तसंच वागलं जातं, म्हणून हे पत्र.

विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर गेला आणि लघवीतून प्रथिनं जायला लागली, की त्याला प्री-एक्लॅम्प्सिया म्हणतात. बाळामागून वार बाहेर पडली की हा आजार ओसरू लागतो हे खरं, पण तो त्याच घडीला संपत नाही. अंगात साठलेलं पाणी रक्तात परत येऊ लागतं आणि तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या सुमारास रक्तदाब पुन्हा चढतो. साधी प्रसूती झालेली बाई तोवर घरी गेलेली असते. नऊ महिने ज्यांचा रक्तदाब अगदी नीट होता, त्यांनाही हे होऊ शकतं. या चढलेल्या रक्तदाबातून आकडी (झटके) येण्याची भीती पहिल्या ४८ तासांत जास्त असते, पण नंतरही काही आठवडे ती येऊ शकते.

आपल्याकडे याच दिवसांत पाचवी येते. पाचवीच्याच दिवशी आणलेली एक मुलगी मला आजही आठवते. घरात पाहुणे, पूजेची तयारी आणि हिला आकडी. तिची आई सारखं एकच सांगत होती, "सकाळपासून डोकं धरून बसली होती हो सिस्टर, आम्हाला वाटलं जागरण झालं." बाम चोळला होता, कान बांधले होते. बाळ रात्रभर रडलेलं, त्यामुळे जागरणाचं कारण कुणालाही पटलं असतं. त्या माऊलीला मी दोष देत नाही. प्रसूती झालेल्या ठिकाणाहून मुलीला घरी सोडताना तिला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

आम्ही मुलीला कुशीवर वळवलं, ऑक्सिजन लावला आणि आकडीवरचं औषध, मॅग्नेशियम सल्फेट, सुरू केलं. ४ ग्रॅम सावकाश शिरेतून, मग दोन्ही कुल्ल्यांत खोलवर ५-५ ग्रॅम. पुढचा डोस दर चार तासांनी, पण तो देण्याआधी सिस्टरने गुडघ्यावर हातोडी मारून पाय उडतो का हे बघायचं, श्वास मिनिटाला १६ च्या खाली नाहीत ना हे घड्याळ लावून मोजायचं आणि लघवी तासाला निदान ३० मिली होते आहे याची खात्री करायची. औषध अंगात जास्त झालं तर आधी गुडघ्याची उसळी जाते, मग श्वास मंदावतो. म्हणून त्यावरचा उतारा, कॅल्शियम ग्लुकोनेट, ट्रेमध्ये उशाशीच ठेवायचं. प्री-एक्लॅम्प्सियात मॅग्नेशियम सल्फेट दिल्याने आकडीचा धोका निम्म्याहून कमी होतो, हे २००२ साली अनेक देशांतल्या मोठ्या अभ्यासातून सिद्ध झालं. औषध स्वस्त आहे. ते देताना उशाशी उभं राहून बघणारी सिस्टर मात्र हवी. एकेका पाळीत एकटीच्या गळ्यात सगळा वॉर्ड असेल तर ती गुडघे कधी तपासणार? ती मुलगी वाचली, बाळाला घेऊन चालत घरी गेली.

घरच्यांनी लक्षात ठेवायच्या खुणा थोड्याच आहेत. गोळी घेऊनही न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे किंवा अंधारी, उजव्या बरगडीखाली कळ, एकाएकी चेहरा आणि हात सुजणं, धाप लागणं. यातलं एकही दिसलं तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालयात जायचं. सिझेरियनच्या वेळी पाठीत दिलेल्या इंजेक्शननेही डोकं दुखतं. ते बसल्यावर वाढतं आणि आडवं झाल्यावर उतरतं. पण हा निवाडा घरी करू नये. आकडी आलीच तर कुशीवर वळवा, तोंडात चमचा घालू नका, कांदा-चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका, १०८ ला फोन करा. रक्तदाबाच्या गोळ्या दिलेल्या असतील तर "आता बाळ झालं" म्हणून आपल्या मनाने बंद करू नका. अंगावर पाजणाऱ्या आईला चालतील अशाच गोळ्या दिलेल्या असतात.

पालिकेकडे माझं मागणं साधं आहे. घरी सोडण्याआधी प्रत्येक बाळंतिणीला पाच मिनिटं शांत बसवून, दंडाला बसेल असा पट्टा लावून रक्तदाब मोजा. गर्दीत नुसतं १२०/८० लिहून टाकलेले केसपेपर मी पाहिले आहेत आणि त्याचा मला राग येतो. आरोग्यसेविका आणि आशाताई घरभेटीला जाऊन बाळाचं वजन-ताप बघतात, त्याच भेटीत आईचाही रक्तदाब बघता यावा म्हणून त्यांना यंत्र द्या. तिसऱ्या आणि सातव्या दिवशी तर नक्कीच. पहिल्या बाळंतपणाला चिपळूण-कणकवलीला माहेरी जाणाऱ्या मुलींच्या माता-बाल कार्डावर रक्तदाबाचा इतिहास ठळक लिहा. रक्तस्राव थांबवायला वापरलं जाणारं मेथर्जिन रक्तदाबाच्या बाईला द्यायचं नसतं, हे तिथल्या सिस्टरला त्या कार्डावरूनच कळणार आहे.

आपल्यालाही एक विनंती. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी असते. त्या दिवशीच्या अंकात वरच्या खुणा चौकटीत, मोठ्या अक्षरांत छापाव्यात. कात्रण काढून स्वयंपाकघरात चिकटवता येईल, एवढीच चौकट पुरे.

आपली,
एक निवृत्त परिसेविका, परळ, मुंबई