फाइल उडत नाही, जागा चुकते

संपादक महोदय,

मार्चअखेर आला की ग्रामपंचायतींत रस्त्याच्या अंदाजपत्रकाची फाइल ‘उडाली’ अशी ओरड होते. बहुतेकदा ती संगणकातच असते. आधी एक्सेल उघडून ‘रीसेंट’ यादी पाहावी. नावाखाली फोल्डरचा पत्ता दिसतो. तिथे नसेल तर विंडोज आणि ई ही बटणे एकत्र दाबावीत, ‘धिस पीसी’त गावाचे किंवा कामाचे नाव टाकून शोधावे आणि ‘डेट मॉडिफाइड’नुसार यादी लावावी. मेलमधून थेट उघडून दुरुस्त केलेली फाइल मात्र टेम्पररी फोल्डरात अडकते.

खरी गोची नेटवर्कवर. दुसऱ्या संगणकावरच्या शेअर (सामायिक) फोल्डरला आपण दिलेले ‘झेड’ ड्राइव्ह हे अक्षर आपल्या एकाच संगणकापुरते. शेजारच्या टेबलावर तोच फोल्डर ‘वाय’ असू शकतो. म्हणून पत्ता दोन उलट्या तिरप्या रेषा, संगणकाचे नाव, मग फोल्डर असा लिहून ठेवावा. संगणकाच्या आयपी क्रमांकावर, म्हणजे नेटवर्कवरच्या त्याच्या ओळख-क्रमांकावर, विसंबू नये. वीज जाऊन राउटर पुन्हा सुरू झाला की तो बदलू शकतो, आणि आपल्याकडे वीज कधी जाईल सांगता येते का? शेअर फोल्डरात शोध रेंगाळतो, कारण त्याची इंडेक्स (शोधासाठी आधीच केलेली सूची) सहसा नसते. नेमका उपफोल्डर उघडूनच शोधावे. मूळ संगणक ‘स्लीप’मध्ये गेला असेल तर फोल्डर उघडणारच नाही.

– एक संगणक परिचालक, जि. यवतमाळ